स्वस्त तिकीट, महाग आकाश : एअर डेक्कनचा उदय आणि अस्त

प्रवाशाला तिकीट स्वस्तात देणे आणि विमान स्वस्तात चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट कोणतीही कंपनी भांडवलाच्या बळावर काही काळ करू शकते, परंतु दुसरीसाठी कंपनीची शिस्त, सरकारचे करधोरण, विमानतळांची क्षमता आणि इंधनाचा भाव या सर्वांची साथ लागते. भारतात ज्या कंपनीने पहिली गोष्ट सर्वप्रथम आणि सर्वांत धाडसाने केली, ती म्हणजे २००३ मध्ये बेंगळुरूहून सुरू झालेली एअर डेक्कन. विमानप्रवास ही श्रीमंतांची आणि सरकारी खर्चाने फिरणाऱ्या अधिकाऱ्यांची मिरास आहे, हा समज तिने मोडीत काढला, साठहून अधिक शहरे विमानमार्गांनी जोडली आणि देशांतर्गत बाजाराचा सुमारे एकपंचमांश हिस्सा मिळवला. मात्र पाच वर्षे पूर्ण होताहोताच तिचे नाव आकाशातून पुसले गेले. तिने उभी केलेली बाजारपेठ टिकली आणि वाढली, पण ती स्वतः टिकली नाही. असे का झाले, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

२००३ पूर्वीचे आकाश

१९५३ च्या हवाई महामंडळ कायद्याने देशातील विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे, तर परदेशी वाहतूक एअर इंडियाकडे सोपवण्यात आली. पुढची सुमारे चार दशके हीच व्यवस्था कायम राहिली. आर्थिक उदारीकरणानंतर खासगी कंपन्यांना प्रथम हवाई टॅक्सीच्या नावाखाली आणि १९९४ मध्ये हा कायदा रद्द झाल्यावर नियमित सेवेसाठी दार उघडले. मुंबईतील ईस्ट-वेस्ट आणि दमानिया, तसेच मोदीलुफ्त, एनईपीसी अशा कंपन्या त्या काळात पुढे आल्या आणि काही वर्षांतच एकामागून एक बंद पडल्या. २००३ पर्यंत मोठ्या म्हणता येतील अशा तीनच कंपन्या उरल्या होत्या : सरकारी इंडियन एअरलाइन्स, जेट एअरवेज आणि सहारा.

या तिन्ही कंपन्या पूर्ण सेवा देणाऱ्या होत्या. तिकिटाच्या दरातच जेवण, वर्तमानपत्र आणि सामानाची ने-आण अंतर्भूत असे, आणि दर साधारणतः एकमेकांच्या आसपास असत. त्या वर्षी देशांतर्गत मार्गांवरील प्रवाशांची संख्या दीड कोटीच्या घरात होती. शंभर कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात हा आकडा नगण्य होता, आणि त्यातही एकच माणूस वर्षातून अनेकदा प्रवास करत असल्याने विमानात प्रत्यक्ष बसलेल्या माणसांची संख्या याहून पुष्कळच कमी होती.

कमी खर्चाच्या विमानसेवेचे तत्त्व

कमी खर्चाची विमानसेवा ही कल्पना भारतीय नव्हे. तिचा पक्का नमुना अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९७१ मध्ये उड्डाणे सुरू करणाऱ्या साउथवेस्ट एअरलाइन्सने घालून दिला. एकाच जातीची विमाने वापरायची, म्हणजे वैमानिकांचे प्रशिक्षण, सुटे भाग आणि दुरुस्ती यांवरचा खर्च आटोक्यात राहतो. एकाच वर्गाची आसने ठेवायची, म्हणजे तेवढ्याच विमानात अधिक माणसे बसतात. जेवण द्यायचे नाही. आणि विमान जमिनीवर कमीत कमी वेळ थांबवायचे, ही त्या नमुन्याची चार मुख्य अंगे होत. यांपैकी शेवटचे अंग सर्वांत महत्त्वाचे. विमान उतरल्यापासून प्रवासी उतरवणे, सफाई, इंधन भरणे आणि नवे प्रवासी चढवणे आटोपून ते पुन्हा निघेपर्यंतच्या वेळाला टर्नअराउंड म्हणतात. १९७२ मध्ये पैशांच्या चणचणीमुळे साउथवेस्टला आपल्या चार विमानांपैकी एक विकावे लागले, तेव्हा चार विमानांचे वेळापत्रक तीन विमानांत बसवण्यासाठी तिने हा वेळ दहा मिनिटांवर आणला. विमानाचा भाडेहप्ता ते उभे असो वा उडत असो, भरावाच लागतो. त्यामुळे दिवसभरात वाढणारी प्रत्येक फेरी त्या हप्त्याचा बोजा अधिक प्रवाशांत वाटून टाकते.

या व्यवसायात पायंडा पाडणाऱ्यांचा शेवट नेहमी सुखाचा होतोच असे नाही, हेही तोवर दिसून आले होते. ब्रिटनमधील फ्रेडी लेकर यांनी सप्टेंबर १९७७ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावरून न्यूयॉर्कला अवघ्या ५९ पौंडांत नेणारी स्कायट्रेन ही सेवा सुरू केली. प्रस्थापित कंपन्यांनी पुढे दर उतरवून तिला गाठले, डॉलरमधील कर्जे पौंड घसरल्यावर असह्य झाली आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये लेकर एअरवेज दिवाळखोरीत निघाली.

सैनिक, शेतकरी, उद्योजक

एअर डेक्कनचे संस्थापक कॅप्टन जी. आर. गोपीनाथ हे कर्नाटकातील हासन जिल्ह्याच्या गोरूर गावचे. पुण्याजवळच्या खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत त्यांचे शिक्षण झाले आणि १९७१ च्या युद्धात त्यांनी भाग घेतला. त्यांच्या नावामागील कॅप्टन ही पदवी विमानाच्या वैमानिकाची नसून लष्करातली आहे. तिशीच्या आतच लष्कर सोडून त्यांनी गावाकडे शेती धरली. पर्यावरणाशी सुसंगत अशा रेशीमशेतीच्या प्रयोगांबद्दल १९९६ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. त्यानंतर लष्करातील सहकारी कॅप्टन के. जे. सॅम्युअल यांच्यासोबत त्यांनी डेक्कन एव्हिएशन ही हेलिकॉप्टर भाड्याने देणारी कंपनी काढली आणि तिच्यातूनच पुढे एअर डेक्कन जन्मली.

अमेरिकेतील फीनिक्स या शहराचा एकटा विमानतळ त्या काळी भारतातील सर्व विमानतळांच्या एकत्रित वाहतुकीहून अधिक वाहतूक हाताळत होता, हे कळल्यावर आपल्याला या व्यवसायाची कल्पना सुचली, असे गोपीनाथ यांनी वारंवार सांगितले आहे. भारतात प्रवासी नाहीत म्हणून विमाने कमी आहेत, या रूढ समजाला त्यांनी उलटे केले. त्यांच्या मते विमाने महाग आणि मोजकी होती, म्हणूनच प्रवासी नव्हते. त्यांनी आपली स्पर्धा जेट किंवा इंडियन एअरलाइन्सशी न मानता रेल्वेच्या वातानुकूलित डब्यांशी मानली, आणि हाच या उपक्रमाचा खरा वेगळेपणा होता. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातला 'कॉमन मॅन' त्यांनी कंपनीचे बोधचिन्ह म्हणून विमानांवर आणला. मुंबईच्या वर्तमानपत्रात दशकानुदशके मुकाट्याने सारे पाहत आलेला हा सामान्य माणूस आता स्वतः विमानात बसणार आहे, असा त्याचा सरळ अर्थ होता.

पहिली उड्डाणे आणि छोटी शहरे

ऑगस्ट २००३ मध्ये हैदराबाद–विजयवाडा या मार्गावरील उद्घाटनाच्या वेळी मान्यवर पाहुणे विमानात बसलेले असताना इंजिनातून ज्वाळा निघाल्या आणि ते उड्डाण रद्द करावे लागले. नव्या कंपनीसाठी यापेक्षा मोठा अपशकुन नव्हता, तरीही सेवा थांबली नाही. प्रारंभी बेंगळुरूहून हुबळी, मंगळूर यांसारख्या जवळच्या शहरांना उड्डाणे सुरू झाली.

त्यासाठी निवडलेले विमान होते एटीआर ४२, म्हणजे बाहेर पंखे फिरणारे, टर्बोप्रॉप जातीचे, सुमारे ४८ आसनांचे विमान. टर्बोप्रॉपमध्ये इंजिनाची शक्ती पंखा फिरवण्यासाठी वापरली जाते. त्यामुळे वेग जेट विमानापेक्षा कमी असला तरी थोड्या अंतरावर इंधन बरेच कमी जळते आणि आखूड धावपट्टीही पुरते. भारतात या विमानाला आणखी दोन सवलती होत्या. ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानांना उतरण्याचे शुल्क माफ होते, आणि टर्बोप्रॉपसाठीच्या इंधनावर केवळ ४ टक्के विक्रीकर लागत असे. मोठ्या जेट विमानांच्या इंधनावर मात्र राज्यागणिक वेगवेगळा आणि काही राज्यांत २५ ते ३० टक्क्यांपर्यंत कर होता. एअर डेक्कनच्या सुरुवातीच्या यशामागे धाडसाइतकाच या सवलतींचा अचूक वापर होता.

हुबळी, राजमुंद्री, तुतिकोरिन, कोल्हापूर अशा गावांच्या धावपट्ट्या वर्षानुवर्षे जवळजवळ रिकाम्या पडून होत्या. तेथे विमान सुरू करताना स्पर्धक नसे, विमानतळावर गर्दी नसे आणि टर्नअराउंड लवकर आटोपत असे. तिकीटविक्रीतही कंपनीने जुनी वाट सोडली. प्रवासी एजंटांना भरघोस दलाली देण्याऐवजी तिने इंटरनेट आणि दूरध्वनीवरून विक्रीवर भर दिला, आणि घरोघरी इंटरनेट नसलेल्या त्या काळात पेट्रोलपंपांवरही तिकिटे उपलब्ध करून दिली. विमानात आसनक्रमांक नसे, जो आधी चढेल तो हवी ती जागा घेई. पाणी आणि खाणे विकत मिळे. विमानाच्या बाह्यांगावर आणि आसनांच्या पाठीवर जाहिराती लावून जादा उत्पन्न मिळवले जाई.

२००४ पासून कंपनीने एअरबस ए३२० ही १८० आसनांची जेट विमाने आणून दिल्ली, मुंबई, बेंगळुरू यांसारख्या महानगरांमधील मुख्य मार्गांवरही पाऊल टाकले. एक रुपयाचे तिकीट याच काळात गाजले. कर आणि शुल्के वेगळी भरावी लागत आणि अशी आसने मोजकीच असत, तरी लवकर तिकीट काढणाऱ्याला स्वस्त आणि उशिरा काढणाऱ्याला महाग, हे मागणीनुसार बदलणाऱ्या दरांचे तत्त्व त्या एका रुपयाने देशभर पोचवले.

एका फेरीचा हिशेब

एक रुपयाचे तिकीट देऊनही कंपनी कशी चालू शकते आणि कशी बुडू शकते, हे एका काल्पनिक पण वास्तवाच्या वळणाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, १८० आसनांच्या विमानाच्या एका फेरीला इंधन, भाडेहप्ता, पगार, देखभाल आणि विमानतळाची शुल्के धरून ३ लाख ६० हजार रुपये खर्च येतो. म्हणजे प्रत्येक आसनामागे खर्च २,००० रुपये. यांतील १० आसने एक रुपयाने विकली, तर उरलेल्या १७० आसनांवरून सरासरी २,११८ रुपये मिळाले तरी खर्च भरून निघतो. याचाच अर्थ, मोजक्या स्वस्त तिकिटांनी फारसे नुकसान होत नाही, उलट त्यांच्या प्रसिद्धीने विमान भरण्यास मदतच होते.

खरी अडचण पुढे आहे. विमान दरवेळी पूर्ण भरत नाही. उपलब्ध आसनांपैकी किती टक्के आसने भरली, या प्रमाणाला भारांक म्हणतात. भारांक ७५ टक्के असेल, तर १३५ प्रवाशांकडूनच तो सारा खर्च वसूल करायचा असतो आणि सरासरी दर सुमारे २,६६७ रुपये ठेवावा लागतो. आता इंधन महागले आणि फेरीचा खर्च ४ लाखांवर गेला, तर हाच दर २,९६३ रुपयांवर जातो. त्याच वेळी शेजारची नवी कंपनी तोच प्रवास २,००० रुपयांत देत असेल, तर दर वाढवता येत नाही, आणि तो २,००० रुपयांवर उतरवल्यास प्रत्येक फेरीला सव्वा लाखाहून अधिक तोटा होतो. रिकामे आसन साठवून उद्या विकता येत नसल्यामुळे कंपन्या मिळेल त्या दराने ते विकत राहतात, आणि असे दरयुद्ध ज्याच्याकडे रोकड अधिक तोच निभावून नेतो.

खर्च कुठे वाढला

२००५ आणि २००६ या दोन वर्षांत नेमके हेच घडले. मे २००५ मध्ये किंगफिशर आणि स्पाइसजेट, नोव्हेंबरमध्ये वाडिया समूहाची गोएअर आणि ऑगस्ट २००६ मध्ये इंडिगो, अशा कंपन्या अवघ्या पंधरा महिन्यांत आकाशात आल्या. मागणी झपाट्याने वाढत होती, पण आसनांची संख्या तिच्याहून वेगाने वाढली. २००३ मध्ये पिंपाला तीस डॉलरच्या आसपास असलेले कच्चे तेल चढत चढत जुलै २००८ मध्ये १४७ डॉलरपर्यंत पोचले. जेट विमानांच्या इंधनावरील राज्यांचा कर मूळ किमतीच्या टक्केवारीत असल्याने भाव वाढला की करही आपोआप वाढे. युरोप-अमेरिकेतील कमी खर्चाच्या कंपन्या शहराबाहेरच्या स्वस्त, दुय्यम विमानतळांवर उतरतात, परंतु भारतात मुंबई किंवा दिल्लीला तसा पर्यायच नव्हता. गजबजलेल्या मुंबईवर उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत विमानाला घिरट्या घालाव्या लागत, आणि त्यात इंधन तर जळेच, शिवाय दिवसाची एखादी फेरीही बुडे.

या बाह्य कारणांना कंपनीच्या निर्णयांची जोड मिळाली. एटीआर ४२, एटीआर ७२ आणि एअरबस ए३२० अशा वेगवेगळ्या विमानांचा ताफा ठेवल्याने वैमानिक, सुटे भाग आणि अभियंते यांची स्वतंत्र व्यवस्था करावी लागली आणि साउथवेस्टच्या नमुन्याचे पहिलेच अंग दुबळे झाले. देशात वैमानिकांचा तुटवडा असल्याने परदेशी वैमानिक जादा पगारावर आणावे लागले. वाढीचा वेग इतका होता की वेळापत्रक, तिकीटप्रणाली आणि जमिनीवरची व्यवस्था त्या वेगाला पुरी पडेना. उशिरा सुटणारी आणि रद्द होणारी उड्डाणे हा प्रवाशांच्या तक्रारीचा नित्याचा विषय झाला. विमानांची संख्या चाळिशीच्या वर गेली तरी तोटा काही शे कोटींत राहिला, कारण खर्चाखाली दर ठेवून फेऱ्या वाढवल्या की तोटाच वाढतो.

मे २००६ मध्ये डेक्कन एव्हिएशनने समभाग विक्रीस काढले, तेव्हा शेअरबाजार नेमका कोसळत होता. विक्रीची मुदत वाढवावी लागली, समभाग १४८ रुपयांना दिला गेला आणि नोंदणीच्या दिवशीच तो त्याच्या बऱ्याच खाली आला. मिळालेले भांडवल दरयुद्धात फार काळ पुरणारे नव्हते.

विक्री, नामांतर आणि शेवट

२००७ च्या मध्यावर किंगफिशरची मालकी असलेल्या विजय मल्ल्या यांच्या यूबी समूहाने डेक्कनचे २६ टक्के समभाग प्रत्येकी १५५ रुपये दराने, एकूण सुमारे ५५० कोटी रुपयांना विकत घेतले आणि नंतर आपला हिस्सा वाढवला. किंगफिशरला या खरेदीत रस असण्याचे एक कारण सरकारी नियमात दडलेले होते. परदेशी उड्डाणांसाठी भारतीय कंपनीला देशांतर्गत सेवेची पाच वर्षे आणि वीस विमाने अशी अट होती. किंगफिशर २००५ मध्ये सुरू झालेली असल्याने तिला २०१० पर्यंत थांबावे लागले असते. डेक्कनची पाच वर्षे मात्र ऑगस्ट २००८ मध्ये पूर्ण होत होती. म्हणून किंगफिशरचा विमान व्यवसाय डेक्कन एव्हिएशनमध्ये विलीन करून त्या कंपनीचेच नाव किंगफिशर एअरलाइन्स करण्यात आले, आणि सप्टेंबर २००८ मध्ये बेंगळुरू–लंडन उड्डाण सुरू झाले.

एअर डेक्कनचे नाव प्रथम 'सिम्प्लिफ्लाय डेक्कन' आणि ऑगस्ट २००८ मध्ये 'किंगफिशर रेड' झाले. कॉमन मॅन विमानांवरून उतरला. विलासी सेवेसाठी ओळखली जाणारी कंपनी आणि काटकसरीवर उभी असलेली कंपनी यांचा संसार एका छपराखाली सुखाचा होणे कठीणच होते, कारण दोघींचा प्रवासी वेगळा आणि खर्चाची शिस्तही वेगळी. काही मार्गांवर दोन्ही सेवा एकमेकींचेच प्रवासी खेचू लागल्या. सप्टेंबर २०११ मध्ये मल्ल्या यांनी स्वस्त सेवा बंद करण्याची घोषणा केली. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, संपूर्ण किंगफिशरच जमिनीवर आली. हजारो कर्मचाऱ्यांचे महिनोन्‌महिन्यांचे पगार थकले आणि बँकांची हजारो कोटींची कर्जे बुडाली.

दुसरा प्रयत्न : जळगाव

केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेत छोट्या शहरांच्या मार्गांवर निम्म्या आसनांचे दर मर्यादित ठेवून कंपनीचा तोटा सरकारने ठरावीक काळ भरून देण्याची तरतूद करण्यात आली. या भरपाईला व्यवहार्यता तफावत निधी म्हणतात. या योजनेखाली गोपीनाथ यांनी एअर डेक्कन हे नाव पुन्हा जिवंत केले आणि डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई–जळगाव मार्गावर १८-१९ आसनांच्या बीचक्राफ्ट विमानाने सेवा सुरू केली. पाठोपाठ नाशिकही जोडले गेले. जळगाव-नाशिकच्या व्यापाऱ्याला, रुग्णाला, विद्यार्थ्याला या सेवेची नितांत गरज होती. परंतु मुंबई विमानतळावर सोयीच्या वेळी उतरण्या-उडण्याची जागा मिळणे दुरापास्त राहिले, फेऱ्या वारंवार रद्द होत गेल्या आणि एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत ही दुसरी एअर डेक्कनही थांबली. म्हणजे पंधरा वर्षांनीही छोट्या शहराचा प्रश्न मोठ्या शहराच्या विमानतळावरच अडलेला होता.

मूल्यमापन

एअर डेक्कन फसली म्हणून तिची कल्पना चुकीची होती, हा निष्कर्ष वस्तुस्थितीला धरून होणार नाही. २००३ मध्ये दीड कोटींच्या घरात असलेले देशांतर्गत प्रवासी २००७ मध्ये चार कोटींच्या पलीकडे गेले आणि २०२३ मध्ये पंधरा कोटींवर पोचले. यातील मोठा वाटा कमी खर्चाच्या कंपन्यांचा आहे. ऑगस्ट २००६ मध्ये सुरू झालेल्या इंडिगोने तीच बाजारपेठ घेतली, पण पद्धत बदलली. तिने पहिली दहा वर्षे एकाच जातीची विमाने वापरली आणि आरंभीच शंभर विमानांची घाऊक मागणी नोंदवून किंमत पाडून घेतली. ही विमाने विकून तीच पुन्हा भाड्याने घेत तिने रोकड हाती ठेवली आणि वेळेवर सुटणे हीच आपली ओळख केली. डेक्कनने ग्राहक शोधला आणि इंडिगोने त्याच्यासाठीचा खर्च साधला. म्हणून एकीचे नाव इतिहासात राहिले आणि दुसरीचे ताळेबंदात.

तरीही श्रेयाची वाटणी करताना न्याय व्हायला हवा. हुबळी किंवा राजमुंद्रीच्या धावपट्टीवर विमान उतरवून तेथे प्रवासी आहेत हे सिद्ध करणे, हे काम कोणा एकाला पदरमोड करून करावेच लागणार होते, आणि ते डेक्कनने केले. त्याची किंमत तिच्या भागधारकांनी आणि कर्मचाऱ्यांनी मोजली. फायदा मात्र साऱ्या देशाच्या प्रवाशांना झाला. स्वस्त विमानसेवा टिकावी असे ज्या समाजाला वाटते, त्याने तिकिटाच्या दराबरोबरच इंधनावरचा कर, छोट्या विमानांसाठी महानगरांत राखीव जागा आणि कंपन्यांचे ताळेबंद यांकडेही तितक्याच बारकाईने पाहिले पाहिजे. खर्च कमी केल्याशिवाय कमी ठेवलेला दर हे प्रवाशाला दिलेले कर्ज असते, आणि ते कोणीतरी, कधीतरी फेडावेच लागते.